वाइन चाखणं आणि वाइन पिणं



गोडी छाटणीवरचा आपला कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी दिंडोरीकडच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्याकडे दोन एकर वाइनची द्राक्षं आहेत. त्या म्हणाल्या, "बारा वर्षं झाली, खुडा झाला की माल क्रेटमध्ये भरून वायनरीत जातो. पुढं त्याचं काय होतं ते आम्ही कधी तोंडाला लावलेलं नाही. आता मुलगा पुण्याहून येताना बाटली आणतो म्हणतोय. 'आई, चाखून तरी बघ, आपलीच द्राक्षं असतील त्यात,' म्हणतो. मला दोन गोष्टी सांगा. ती बाटली घरात येऊ द्यावी का? आणि येऊ दिलीच, तर चाखायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

फोन ठेवला आणि आमच्यातच वाद सुरू झाला. आमच्या गटातल्या मावशींनी गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून 'आडवी बाटली'च्या मतदानासाठी दारोदार फिरून बायकांच्या सह्या गोळा केलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "ज्या रेडिओवरून आपण दारूबंदीचं बोललो, त्याच रेडिओवरून आता वाइन कशी चाखायची ते शिकवणार?" दुसरी म्हणाली, "मावशी, बाटल्या तर घरात यायलाच लागल्यात. लग्नात येतात, नवीन घराच्या पार्टीत येतात. आपण बोललो नाही म्हणून थांबणारेत का?" शेवटी मावशींनीच तोड काढली. "बोला, पण आधी दारूचं खरं सांगा, चवीचं मागून. आणि कुठल्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही." त्या क्रमानंच आम्ही सांगणार आहोत.

तर आधी खरं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं. ते बरोबर नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. व्हिस्कीत जे अल्कोहोल असतं तेच हे, फक्त पातळ. वाइनमध्ये ते साधारण १२ ते १४ टक्के असतं, आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के. पण वाइन घेताना ग्लास मोठा असतो ना! १५० मिलीचा वाइनचा ग्लास घेतला, तर पोटात १९ मिलीच्या आसपास अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या लहान पेगमधून १३ मिलीच्या आसपास. म्हणजे 'मी आपली वाइनच घेतली एक ग्लास' म्हणणारीनं लहान पेगापेक्षा जास्त घेतलेली असते. ७५० मिलीच्या अख्ख्या बाटलीत सात-साडेसात लहान पेगांएवढं अल्कोहोल आहे.

दुसरं, 'थोडी रेड वाइन हृदयाला चांगली' हे. पूर्वीच्या काही अभ्यासांत अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे निरोगी दिसत. पण न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही धरलेले होते, हे पुढं लक्षात आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित म्हणावं असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. अल्कोहोलनं कर्करोग होतो हे तर १९८८ पासून अधिकृत यादीत आहे. त्यात बायकांनी लक्षात ठेवायचा आहे तो स्तनाचा कर्करोग, त्याचा धोका थोड्या प्रमाणानंही वाढतो. शिवाय बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, म्हणून तेवढ्याच वाइननं तिच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं. औषध म्हणून वाइन घ्यायची नाही. चवीच्या कुतूहलापोटी घ्यायची, तर ते कुतूहल घोटभरात भागतं, आणि ते कसं तेच पुढं सांगायचं आहे.

कुणी अजिबात घ्यायची नाही? गरोदर बाईनं नाही, एक घोटसुद्धा नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनंही टाळावी. यकृताचं दुखणं असेल तर नाही. झोपेच्या, फिट्सच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असतील तरी नाही. गाडी चालवून घरी जायचं असेल त्यानं नाही. आपल्या राज्यात वाइनसाठी वय २१ लागतं, त्याखालच्यांनी नाही. कायद्यानं परवानाही लागतो, एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडच्या पाहुण्यांबरोबर बाटली भेट म्हणून पाठवायची नाही. गुजरातेतल्या नणंदेकडेही नाही.

आणि एक, जे यादीत बसत नाही. ज्या घरात कुणी दारू सोडायचा प्रयत्न करतंय, त्या घरात बाटली आणूच नका. चाखायला नाही, शोभेला नाही, 'तुला नको, आम्हाला' म्हणूनही नाही.

एवढं झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आता सांगा चवीचं."

चवीचं सांगायच्या आधी आमची फजिती सांगितली पाहिजे. आम्ही पहिल्यांदा हे केलं ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्यातल्या एकीच्या घरी. संध्याकाळचे सात वाजलेले, सगळे रिकाम्या पोटी. आठ माणसं, दोन बाटल्या. कुणीतरी उत्साहानं ग्लास अर्ध्याच्या वर भरले. आत लसणाची फोडणी, देवघरात उदबत्ती, दोघी-तिघींच्या केसात गजरे. वास कसला येणार? अर्ध्या तासात बाटल्या रिकाम्या झाल्या आणि चव कशी होती ते कुणालाही सांगता येईना. मग पुरुषमंडळींनी 'आता खरी काढा' म्हणून व्हिस्की काढली. रात्री एक भाचा मोटारसायकलला किल्ली लावून निघाला, तर मामीनं किल्ली काढून घेतली आणि त्याला ओसरीवर झोपवलं. आम्हाला वाटत होतं आपण चाखतोय. आम्ही पीत होतो.

दुसऱ्यांदा केलं ते रविवारी सकाळी अकराला. सकाळी अकराला बाटली उघडायची म्हटल्यावर सासूबाईंनी डोळे मोठे केले. पण त्यात फायदे असतात. न्याहारी झालेली असते, म्हणजे पोट रिकामं नसतं. जीभ ताजी असते. आणि एक वाजता पानं मांडायची असतात, त्यामुळे रेंगाळायला वाव राहत नाही. उजेड असतो, रंग दिसतो. फोडण्या-बिडण्या नऊलाच उरकून घेतल्या होत्या. उदबत्ती नाही, अत्तर नाही, गजरा नाही, जेवणानंतरची बडीशेप आधी तोंडात टाकायची नाही.

पहिला तासभर आम्ही बाटलीला हातच लावला नाही. हा भाग मुलांसकट सगळ्यांनी करण्यासारखा आहे, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा हाच. वाइन चाखणारे लोक जे काही बोलतात त्याचं ओझं वाटून घ्यायचं कारण नाही, कारण त्यातलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. आम्ही चार पेले ठेवले. एकात पाणी आणि लिंबाचे थेंब. दुसऱ्यात कोरा चहा, दहा मिनिटं मुरवलेला, साखर नाही, दूध नाही. तिसऱ्यात नुसतं साखरेचं पाणी. चौथ्यात लिंबू आणि साखर दोन्ही.

लिंबाच्या पाण्याचा घोट घ्या आणि गिळल्यावर गप्प बसा. गालांच्या आतून पाणी सुटतं. वाइनचा आंबटपणा ओळखायचा तो असा, गिळून झाल्यावर किती पाणी सुटतं आणि किती वेळ सुटत राहतं त्यावरून. आता कोरा चहा. त्यानं उलट होतं, हिरड्या आणि जीभ कोरडी पडते, ओढल्यासारखी होते. कच्चं जांभूळ किंवा आवळा खाल्ल्यावर होतं तसं. हा तुरटपणा. इंग्रजीत त्याला टॅनिन म्हणत लोक फार गंभीर होतात. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून तोंड कोरडं वाटतं. तुरट ही आपल्याकडे सहा चवींतली एक, लहान मुलालाही कळते. आणि चौथ्या पेल्यात लिंबू तेवढंच आहे, पण साखरेनं ते झाकलं गेलं. पाणी मात्र तेवढंच सुटतं! म्हणजे 'ही वाइन गोड आहे, आंबट नाही' असं जीभ सांगते तेव्हा गाल दुसरंच सांगत असतात.

मग जिरं. नाक चिमटीत घट्ट धरायचं, चिमूटभर जिरं तोंडात टाकून चावायचं. काही कळत नाही, भुसा चावल्यासारखं वाटतं. नाक सोडा, आणि जिरं येतं! मुलांनी हा खेळ दहा वेळा केला. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो, तोंडाच्या मागच्या बाजूनं नाकात चढलेला. सर्दी झाली की भाजी बेचव लागते ती यामुळे.

शेवटी झाकलेल्या सहा वाट्या: मिरी, लवंग, लिंबाची साल, पिकलेला पेरू, चिरलेली सिमला मिरची, ओली माती. डोळे मिटून वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. रोज हाताळतो त्या वस्तू, पण नाव ओठावर येत नाही. आमच्यापैकी बहुतेक जणी तीन-चारवर अडल्या. सासूबाईंनी सहाच्या सहा ओळखले, आणि त्या दिवशी बाटलीला शिवायच्या आधीच त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या जाणकार ठरल्या. त्यांनी पुढं वाइन घेतली नाही. घ्यायची गरजही नव्हती.

आता बाटल्या. पोरं बाहेर खेळायला गेली. आम्ही तीन प्रकार आणले होते, नाशिककडे ज्यांच्या बागा आहेत असेच: सोव्हिन्यॉन ब्लां आणि चेनिन ब्लां या पांढऱ्या, शिराझ ही लाल. अर्ध्या बाटल्या मिळतात, ३७५ मिलीच्या, त्या मुद्दाम घेतल्या. पांढऱ्या दोन-तीन तास फ्रीजमध्ये. लालसाठी पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या घरात मार्चमध्ये तीस अंश असतात, तेवढ्या गरम लाल वाइनमधून नुसती दारूच नाकात शिरते. म्हणून लाल बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची.

ग्लास महागडे नकोत. सगळ्यांचे सारखे, पारदर्शक, आणि भांड्याच्या साबणाचा वास नसलेले एवढंच हवं. रिकामा ग्लास आधी हुंगून बघायचा. स्टीलचा पेला या कामाचा नाही, रंग दिसत नाही. स्टीलचे पेले दुसऱ्या कामाला ठेवायचे, ते सांगतोच.

माप कसं घ्यायचं? खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं प्लास्टिकचं टोपण येतं, ते स्वच्छ धुऊन, वास गेल्याची खात्री करून घ्यायचं. माणशी ३० मिली, त्यावर नाही. तीन प्रकार म्हणजे ९० मिली, आणि सगळं गिळलं तरी एका लहान पेगाच्या आतच. पण गिळायचं नसतंच. ज्यांचा हा व्यवसाय आहे ते तोंडात फिरवून थुंकतात, कारण त्यांना दिवसाला कितीतरी वाइन चाखायच्या असतात. स्टीलचे पेले त्यासाठी, प्रत्येकीला आपला वेगळा, म्हणजे आतलं दिसत नाही. वडीलधाऱ्यांसमोर थुंकायचं म्हणून आम्ही संकोचलो. मावशी म्हणाल्या, "पान खाणारे चौकात पिंक टाकतात तेव्हा कुणाला लाज वाटत नाही, तुम्ही पेल्यात थुंकताना लाजता?" मग सुरळीत झालं.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, लेबल दिसू नये म्हणून. किंमत तर मुळीच सांगायची नाही. क्रम असा: आधी कोरडी पांढरी, मग लाल, गोडसर असेल ती शेवटी. जिलेबीनंतर चहा बिनसाखरेचा लागतो ना, तसंच वाइनचं होतं. कोरडी म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही ती.

ग्लास पांढऱ्या कापडासमोर तिरका धरून रंग बघायचा. दोन काळे मणी बोटांत चिरडून बघा, रस फिक्कट निघतो, रंग सालीत असतो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून घेतात आणि मग आंबवतात. लाल वाइन सालीसकट आंबते, म्हणून रंग आणि तुरटपणा दोन्ही तिच्यात उतरतात. वाइनचे मणी लहान, जाड सालीचे, बियांचे असतात ते याचसाठी. खाण्याच्या थॉमसनला पातळ साल हवी, इथं उलट. खुड्याच्या आधी बागेत मणी तोडून साल चावून बघतात, बी हिरवी आहे की तपकिरी झाली ते बघतात, ब्रिक्स मोजतात. ब्रिक्स २४ लागलं की वाइनमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येणार हा हिशेब तिथंच होतो. त्या फोन करणाऱ्या ताई जानेवारी ते मार्च रोज सकाळी हेच करत असणार. चाखायला त्या नवख्या नाहीतच.

रंगानंतर ग्लास हलके गोल फिरवायचा आणि नाक आत घालायचं. छोटे छोटे हुंगायचं, एकच मोठा श्वास नाही. मग अगदी लहान घोट, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा आणि थांबायचं. पाणी किती सुटलं? तोंड किती ओढलं? वास कसा होता, आणि किती वेळ राहिला? चार प्रश्न पुरे. ग्लासच्या कडेनं थेंब ओघळतात त्यावरून कुणी भारी-हलकी ठरवायला लागलं तर सोडून द्या. ते मुख्यतः अल्कोहोलमुळे होतं, त्यावरून वाइन चांगली की वाईट ते ठरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, आणि तो आम्हाला पहिल्या फजितीनंतर सुचला. कुणीही बोलायच्या आधी प्रत्येकीनं आपापल्या कागदावर लिहायचं. आणि वाचून दाखवायचं ते घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेपासून, भावजी शेवटी. पहिल्या वेळेला भावजी 'झकास आहे' म्हणाले होते आणि नंतर सगळे 'झकास, झकास' म्हणत गेले. धाकटीला कुणी विचारलंच नव्हतं. या वेळी तिनं पहिल्या ग्लासबद्दल लिहिलं होतं, 'चिरलेली सिमला मिरची आणि पेरू, फार आंबट, मला आवडली नाही.' त्या बाटलीत सोव्हिन्यॉन ब्लां होती. सिमला मिरचीला जो हिरवा वास येतो, तोच पदार्थ सोव्हिन्यॉनच्या द्राक्षातही असतो. म्हणजे तिनं जे लिहिलं ते नुसतं 'सारखं वाटतं' असं नव्हतं, ते खरोखर तिथं होतं. आणि आवडली नाही हेही तेवढंच खरं. भाजीत मीठ कमी आहे हे जिला रोज चारदा ऐकावं लागतं, तिला काय आवडलं हे त्या घरात मोठ्यानं विचारलं गेलं, ते आम्हाला बरं वाटलं.

शिराझच्या वेळी मात्र भांडण. जाऊबाई म्हणतात मिरी कुटल्याचा वास आहे, भावजी म्हणतात कसली मिरी, जांभूळ आहे. दोघंही हटेनात. मैत्रिणींनो, दोघंही बरोबर आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या पदार्थाचा असतो, आणि आपल्या काळ्या मिरीतही तोच असतो. त्यांनी हेही पाहिलं की पाचातल्या एकाला हा वास येतच नाही, त्याचं नाकच तसं असतं. तेव्हा 'तुला कळत नाही' असं एकमेकांना म्हणायचं कारण नाही.

डोळे जिभेला कसे फसवतात त्याचीही एक गंमत. फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त तिच्यात बिनवासाचा लाल रंग घातला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. तो अभ्यास २००१ मध्ये छापून आला. शिकलेल्यांची ही गत, तर आपण लेबल आणि किंमत झाकून ठेवली त्यात काय चुकलं? आमच्याकडे सगळ्यात जास्त जणींना आवडलेली बाटली तिन्हीत स्वस्त निघाली. पैसे देणारे भावजी थोडे हिरमुसले.

खायला काय ठेवायचं? मधे मधे साधा पाव किंवा कोरडी भाकरी आणि भरपूर पाणी. मिठानं कडवटपणा दबतो, म्हणून खारे शेंगदाणे शिराझबरोबर चांगले लागतात. ठेचा मात्र नको. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं, आणि वर लाल वाइनचा तुरटपणा आला की तोंडाची आग होते. हे आम्ही करून पाहिलंय, तुम्ही करू नका. तिखटाशी त्यातल्या त्यात जमते ती गार, गोडसर चेनिन.

आता मावशींचं. त्या सकाळपासून तिथंच होत्या. त्यांनी प्रत्येक ग्लासचा वास घेतला, कागदावर लिहिलं, एक थेंब तोंडात घातला नाही. माप त्यांच्या हातात होतं आणि बाटल्याही. 'अगं मावशी, एक घोट तर घे, काय होतंय' असं कुणी म्हणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. नको म्हटलं की कारण विचारायचं नाही आणि दुसऱ्यांदा पुढं करायचं नाही. पाहुण्या पुरुषांनाही हाच नियम. त्यांच्यातही कुणी गोळ्या घेत असतं, कुणी सोडलेली असते, आणि चारचौघांत ते सांगायचं नसतं.

तुमच्या घरी करणार असाल तर शेवट आधी ठरवा, आमची पहिल्यांदा चूक तिथंच झाली होती. तीन घोट झाले की बाटल्यांना टोपण लावायचं आणि त्या टेबलावरून उचलायच्या, पानं मांडायच्या आधी. आता बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं टोपण येतं, बुचाची कटकट नसते. आठ जणांना ३० मिली म्हणजे २४० मिली गेली, अर्ध्या बाटलीत १३५ मिली उरली. ती फ्रीजमध्ये तीनेक दिवस नीट राहते, मग फळाचा वास जातो आणि आंबूस होते. पांढरी उरली तर मशरूमच्या भाजीत, लाल उरली तर मटणाच्या रश्श्यात घालता येते. मात्र शिजवल्यावर अल्कोहोल सगळंच्या सगळं उडून जात नाही, तेव्हा ते पान मुलांना आणि ज्यांनी नको म्हटलंय त्यांना वाढायचं नाही. ज्या घरात उरलेली बाटली संध्याकाळी आपोआप संपते, त्या घरात ती सिंकमध्ये ओता. पैसे वाया गेले असं वाटेल, वाटू द्या.

दिंडोरीच्या ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही देऊ शकत नाही, ते तुमचं घर आहे. घरात कुणाला सवय असेल तर 'नको' म्हणा आणि मुलाला कारण स्पष्ट सांगा. तशी काही अडचण नसेल, तर त्याला सांगा, येताना अर्धीच बाटली आण, रविवारी सकाळी ये, आणि मोटारसायकलची किल्ली आल्या आल्या माझ्याकडे दे.